मुलूख बदलताना पाय धुवावेत

मी जपानला तीस-चाळीस वेळा तरी जाऊन आलोय. आफ्रिकेचं तर विचारूच नका. पण या सगळ्या प्रवासांत सीमेवर मला कुणी कधी पासपोर्ट मागितला नाही. मागितले ते पाय. चपला हातात, विजार घोट्याच्या वर, आणि दोन्ही पाय बोटांच्या बेचक्यांसकट धुतलेले. त्याशिवाय पुढच्या देशात प्रवेश नव्हता.

"सावकास," सीमेवर उभे असलेले गेनबाआबा म्हणायचे, "मुलूख बदलतोय. पाय धुवा. ह्या मुलखाची माती त्या मुलखात न्यायची न्हाई."

हे सगळे देश लोणावळ्यात, तुंगार्लीच्या वाटेवरच्या एका बंगल्याच्या आवारात होते. बंगला मुंबईच्या एका शेठचा. माणूस चंद्रावर उतरला त्या सुमारास हे शेठ परदेशी जाऊन आले. तिथे त्यांनी एक भलीमोठी मौजेची बाग पाहिली. आत शिरलं की एकीकडे एक देश, दुसरीकडे दुसरा. बायकामुलांनी दिवसभर हिंडावं, खावं, पाळण्यात बसावं आणि दमून घरी जावं. ते शेठच्या डोक्यातच बसलं. परत आल्यावर त्यांनी बंगल्यामागच्या उतारावर चार मुलूख उभे केले: जपान, आफ्रिका, काश्मीर आणि चंद्र. दर रविवारी सगळ्यांना खुला प्रवेश. बागेला त्यांनी 'विश्वविहार' असं भारदस्त नाव दिलं. पण लोणावळ्यात तिला सगळे गेनबाची दुनियाच म्हणत. शेठ महिन्या-दोन महिन्यांनी एकदा उगवायचे. ती दुनिया चालवायचे बंगल्याचे माळी, म्हणजे आमचे गेनबाआबा.

आता माझी ओळख करून द्यायला हवी, म्हणजे पुढची फजिती नीट कळेल. मी तिथल्या शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. आपल्या हातात कला आहे असं मला वाटायचं. माझ्या बायकोला, कुमुदला, तसं वाटत नसे आणि ती ते लपवायचीही नाही. शेठना मुलूख रंगवायला माणूस हवा होता, आणि आसपास ब्रश धरणारा मी एकटाच सापडलो. आफ्रिकेतल्या सिमेंटच्या सिंहाला रंग मी दिला. हा सिंह आहे असं सांगणारी पाटीही मीच रंगवली, आणि तिची गरज पडली. कुमुद पहिल्यांदा बघायला आली तेव्हा सिंहासमोर बराच वेळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बिचाऱ्याला काय होतंय हो?"

गेनबाआबा तेव्हा साठीचे असतील. उंच, वाळलेले, रापलेले. अंगात शेठनी दिलेला पितळी बटणांचा खाकी कोट, खाली धोतर, त्याखाली अनवाणी पाय आणि गळ्यात शिट्टी. पूर्वेला एकदा पुणं आणि पश्चिमेला खंडाळ्याचा घाट, यापलीकडे त्यांनी जग पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे जगाविषयी बोलताना त्यांना कसलीच अडचण येत नसे.

"ह्यो जपान," कमानीच्या लाकडी पुलावर उभं राहून ते सांगायचे. "हितली मान्सं भात खात्यात, आपल्यावानीच. पर आंबेमोहर त्यांच्या नशिबात न्हाई, बिचारे. फूल तोडू नगा, जपानी मान्साला राग यितो."

मग पाय धुणं. प्रत्येक सीमेवर मातीचा एक मोठा रांजण आणि त्यावर पत्र्याचं डबडं. रांजण भरून ठेवायचं काम आबा पहाटे करत. चार मुलखांच्या मधले रांजण भरायचे म्हणजे विहिरीवरून किती खेपा झाल्या असतील, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"ही आफ्रिका. हितं ऊन लय. ढोरांच्या माना लांब हाईत, कारन चारा वर हाय. शिव्ह मास्तरांनी रंगवलाय. त्याला हात लावला तरी चालंल, त्यो काय करत न्हाई."

पुन्हा पाय.

"हितं काश्मीर. हितं बरफ पडतं. आपल्याकडं पाऊस, त्यांच्याकडं बरफ. ज्याचं त्याला." बर्फ म्हणजे चुना फासलेला एक मोठा खडक होता. त्याला टेकलं की पाठ पांढरी व्हायची, आणि रविवारी संध्याकाळी लोणावळ्याच्या बाजारात कोण कोण काश्मीरला जाऊन आलंय ते पाठीवरून ओळखू यायचं.

चंद्रावर सगळ्यात कडक शिस्त. सिमेंटचे खड्डे, मधे एक बांबूचं यान. आबा तोंडावर बोट ठेवायचे. "हितं बोलायचं न्हाई. हितं हवा न्हाई."

"मग श्वास?" पोरं घाबरून विचारायची.

"श्वास घ्या. पर बेतानं."

एकदा रेशमी साडीतल्या एक बाई चंद्रावरून उतरल्या आणि पाय धुवायला तयार होईनात. "अहो, हे तर साधं सिमेंट आहे!" "व्हय," आबा म्हणाले, "पर चंद्राचं हाय." आणखी एकदा पुण्याचे एक गृहस्थ आफ्रिकेच्या सीमेवर अडून बसले. म्हणे, मी सकाळीच स्नान करून निघालोय. आबा शांतपणे म्हणाले, "आंगूळ पुन्यात केली. पाय आफ्रिकेत हाईत." गृहस्थ विचारात पडले आणि मुकाट्यानं पाय पुढे केले. पुण्याच्या माणसाला वादात निरुत्तर झालेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

या पाय धुण्यामागे काय असावं, यावर मी एक सिद्धांत तयार केला होता. शाळा तपासायला आलेल्या साहेबांपुढे 'लोकमानसातील पावित्र्याची कल्पना' वगैरे शब्द वापरून तो मी पाऊण तास मांडला. साहेबांनी मान डोलावली. उठता उठता त्यांनी विचारलं, "त्या माळ्याला विचारलंत का कधी?"

मला ते सुचलंच नव्हतं.

बागेत एक कोपरा मात्र आबा कुणाला दाखवत नसत. काश्मीरहून चंद्राकडे जाताना कुंपणालगत, चार बाजली मावतील एवढा. भोवती वीतभर उंचीचा मातीचा बांध, कडेला एक चपटा धोंडा. पोरं वाकून बघायची. "आबा, इथं कुठला देश?" "हितं काय न्हाई. चला, चंद्र बंद व्हईल." चंद्र बंद होण्याची भीती इतकी, की कुणी पुन्हा विचारायला थांबत नसे.

पावसाळ्यात त्या कोपऱ्यात हिरवंगार गवत वाढायचं. एकदा न राहवून मी म्हटलं, "आबा, सगळी बाग एवढी छान ठेवता, मग ते गवत तेवढं उपटून टाका की." आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बागकाम या विषयावर मी पुन्हा तोंड उघडलं नाही. ते गवत नव्हतं, भात होता, हे मला फार पुढे कळलं. मी ज्वारीच्या मुलखातला. भाताचं रोप दारात येऊन उभं राहिलं असतं, तरी मी त्याला कोण पाहिजे म्हणून विचारलं असतं.

आणि हे कमी म्हणून की काय, दर वर्षी दिवाळी झाली की आबा माझ्या दाराशी यायचे, आत न येता एक पुडी हातात ठेवायचे आणि निघून जायचे. पुडीत ओंजळभर आंबेमोहर. "गावचा हाय," एवढंच बोलायचे. कुमुद तो शिजवायला ठेवायची आणि त्या वासानं शेजारच्या काकू वाटी घेऊन दारात हजर व्हायच्या.

आता माझी अक्कल बघा. आबांचं गाव खडकवण, डोंगरापलीकडच्या खोऱ्यात. ते धरणाच्या पाण्याखाली जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. बुडालेल्या गावातून दर दिवाळीला ताजा तांदूळ कसा येतो, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मी भाताचे घास घेत होतो आणि वर "गावच्या मातीची चवच वेगळी" असं म्हणत होतो. कुमुद अजून म्हणते, गणिताचे मास्तर असता तर कदाचित डोक्यात आलं असतं.

तर चौथ्या वर्षीच्या उन्हाळ्यात शेठचं पत्र आलं. त्यांना बागेत पाचवा मुलूख हवा होता: परीराज्य. त्यात मोठा फिरता पाळणा, घोडे, हत्ती, गाणी. 'संपूर्ण बागेचा रंगीत नकाशा काढून पाठवा, म्हणजे इथे बसून जागा ठरवता येईल.'

नकाशा म्हटल्यावर माझ्या अंगातच आलं. तीन दिवस मी फितीनं बाग मोजली. फितीचं दुसरं टोक आबा धरायचे. सीमा आली की फीत खाली ठेवून दोघंही पाय धुवायचो. त्या कोपऱ्यापाशी आलो तेव्हा मे महिना होता, जमीन उघडी पडली होती.

"इथं काय लिहू, आबा?"

"काय लिवू नगा."

शहाण्या माणसानं काही लिहिलं नसतं. पण कोरा कागद दिसला की मला करमत नाही, आणि त्यातून मी पुण्याहून नवाकोरा ब्रश आणला होता. मी घरी बसून त्या कोपऱ्यात झोकदार अक्षरं काढली: 'मोकळी जागा'. शेवटच्या अक्षराचा काना तर असा ओढला, की तो वळणं घेत थेट काश्मीरच्या तळ्यात उतरला. आबांना वाचता येत नव्हतं. नकाशा दाखवला तेव्हा ते अक्षर बघून म्हणाले, "झ्याक." मी खूश झालो आणि नकाशा टपालात टाकला.

पंधरा दिवसांनी एका शुक्रवारी दुपारी गेनबाआबा आमच्या घरी आले. दाराबाहेरच्या बादलीतलं पाणी घेऊन त्यांनी पाय धुतले आणि पहिल्यांदाच आत आले. आले आणि उंबऱ्याजवळच बसले. कोटाची बटणं वर-खाली लागली होती. कुमुदनं चहा दिला. तो त्यांनी हातात नुसता धरून ठेवला.

"मास्तर, तितं काय लिवलंया तुमी?"

"कुठं?"

"कोपऱ्यात."

"मोकळी जागा," मी म्हटलं.

 आबा म्हणाले, "आज मुकादम आलाता. चुन्याची फक्की मारून गेला. शेठचा हुकूम हाय, पाळना तितंच बसनार. सोमवारी उकरनार. आन उकरलेली माती जपानात भराव म्हनून टाकनार."

"मग?"

"ती खडकवणची माती हाय, मास्तर."

मी ब्रश धुवत होतो, तो तसाच पाण्यात राहिला.

"गाव सोडायचं ठरलं," आबा सांगू लागले, "तवा समद्यांनी दारं काढली, तुळया काढल्या, द्येव घेतलं. म्या बी दार काढलं. आन आमची सखू..." सखू म्हणजे त्यांची बायको. "सखू खाचरातली माती पाटीत भराय लागली. म्या म्हनलं, येडी का खुळी तू? माती कुटं मिळत न्हाई व्हय? चार मान्सांम्होरं हसलो तिला. लय हसलो. मी हसलो म्हनून समदं गाव हसलं. ती म्हनली, हसा. दार दुसरं मिळंल, ही न्हाई मिळायची. एकलीनं अर्धी बैलगाडी भरली, मास्तर. म्या हात सुदिक लावला न्हाई."

चहावर साय धरली होती. आबांनी ती बोटानं बाजूला केली, पण कप तोंडाला लावला नाही.

"हितं माज्या खोलीवर राह्याला आली. त्या कोपऱ्यात माती पसरली, बांध घातला, भात लावला. मला म्हनली, हिच्यात दुसरी माती मिसळू द्यायची न्हाई. भात पोटरीत आलाता, कनसं भाइर पडायची व्हती, आन ती तापानं गेली. त्यातला एक घास तिच्या तोंडात गेला न्हाई."

 मी विचारलं, "मग ते सगळ्यांचे पाय धुणं, ते यासाठी?"

"त्याच साली शेठनी बाग काढली. मान्सं ह्या मुलखातनं त्या मुलखात जायाची, त्या मातीच्या कडंनं. एकाच कोपऱ्यापाशी पानी ठिवलं अस्तं, तर समद्यांनी इचारलं अस्तं, हितंच का? म्हनून समद्या मुलखांला लावलं."

माझा लोकमानसाचा सिद्धांत तिथेच गेला.

"पण शेठना सांगायचं ना, आबा! चांगला माणूस आहे तो."

"काय सांगू? तुमच्या बागंत माज्या बायकूची माती टाकलीया म्हनून? जागा त्यांची हाय." ते उठले. "तुमी लिवलं त्ये खोटं न्हाई, मास्तर. दिसाया मोकळीच दिसती. मी फकस्त इचाराया आलो, त्ये खोडता यितं का."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या नव्या ब्रशच्या हौसेपायी त्या बाईची माती सोमवारी जपानच्या भरावात जाणार होती. आबा गेल्यावर मी कुमुदकडे पाहिलं. माझ्या प्रत्येक गोष्टीला हसणारी ती बाई हसत नव्हती.

"रविवारी शेठ येतायत," मी म्हटलं. "मी सांगतो त्यांना."

"सरळ सांगाल ना? की सिद्धांत मांडाल?"

शनिवारी दुपारी मी एक छोटी पाटी रंगवली. साधी काळी अक्षरं. 'खडकवण'. या नावात ना काना ना वेलांटी, त्यामुळे सुदैवानं मला कुठे फाटे फोडता आले नाहीत.

रविवारी शेठ आले, सोबत शेठाणी आणि वही घेतलेला मुकादम. शेठ गोल, हसरे गृहस्थ. आपल्याच बागेत आपल्याला पाय धुवायला लावतात याची त्यांना मोठी मौज वाटे. जपान झालं, आफ्रिका झाली. सिंहापाशी शेठाणी थांबल्या आणि म्हणाल्या, "याला औषध लावा काहीतरी." एरवी मला ते लागलं असतं. त्या दिवशी माझं लक्षच नव्हतं. खिशात मी लिहून आणलेलं भाषण होतं. 'सहृदय शेठसाहेब' अशी त्याची सुरुवात होती आणि ते चार पानी होतं.

गेनबाआबा त्या दिवशी नेहमीसारखं बोलत नव्हते. जपानात भात खातात हे सांगायचं ते विसरले. काश्मीरचा बर्फ त्यांनी नुसता हातानं दाखवला.

कोपरा आला. पांढऱ्या फक्कीची गोल रेघ उन्हात चमकत होती. शेठ म्हणाले, "हां, ही ती मोकळी जागा. फस्क्लास. इथं पाळणा मस्त दिसेल."

मी खिशात हात घातला. भाषण होतं, पण हात रिकामाच बाहेर आला. मी काखेतली पाटी काढली, बांधाबाहेर जमिनीत रोवली आणि म्हणालो, "शेठ, नकाशा चुकलाय. ही जागा मोकळी नाही. चूक माझी आहे."

चार पानांतलं एवढंच बाहेर आलं.

शेठनी पाटी वाचली. "खडकवण? हा कुठला देश, मास्तर? मी एवढा हिंडलो, मला नाही लागला कुठे."

मी आबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. आता हा माणूस काही बोलणार नाही, आणि मलाही काही बोलता येणार नाही, आणि उद्या सकाळी कुदळी पडणार, अशी माझी खात्री झाली. तेवढ्यात आबांनी कोटाचं वरचं बटण लावलं. गळ्यातली शिट्टी सरळ केली.

"सावकास," ते म्हणाले. "मुलूख बदलतोय."

शेठ सवयीनं रांजणाकडे वळले.

"न्हाई, शेठ. हितं पानी नगं." आबांनी बांधाकडे हात केला आणि आपल्या रविवारच्या आवाजात सुरुवात केली. "ह्यो खडकवणचा मुलूख. हितली मान्सं भात खात्यात. आंबेमोहर. पानी त्या अंगानं यितं. ह्या बांधावरनं चालताना पाय घसरतो, तवा सांभाळून. ह्यो धोंडा... हितं सखू भाकर घिऊन बसायची. सखू म्हंजी माजी मालकीन. ही माती तिनं आनलीया, गाव बुडायच्या आदी. समदी तिला हसली. म्या बी हसलो."  त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा रविवारचा आवाज काढायला गेले, पण तो निघेना. "बाकीचा मुलूख पान्याखाली हाय, शेठ. एवढाच वर हाय."

वारा नव्हता. मुकादमानं वही मिटली. शेठाणींनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"आत जाऊ?" शेठनी विचारलं. आपल्याच जमिनीत जायला त्यांनी माळ्याला विचारलं, हे मला फार आवडलं.

"जावा की."

शेठ आत गेले, शेठाणी गेल्या, मुकादम गेला, मागून मी गेलो. काश्मीरच्या सीमेवर धुतलेले पाय अजून ओले होते, त्यांना माती चिकटली. चार पावलांत तो मुलूख संपला. बाहेर येताना आबा बांधापाशी उकिडवे बसले. त्यांनी शेठचा पाय हातात घेतला आणि तळव्याची माती बोटांनी खरवडून आत पाडली. मग दुसरा पाय.

"अरे, अरे, गेनबा," शेठ संकोचून म्हणाले.

"राग मानू नगा, शेठ. पान्यानं धुतली तर वाहून जाती. एवढीच हाय."

शेठ एका पायावर उभे राहिले. त्यांना तोल सांभाळायला मी खांदा दिला. त्या अख्ख्या दिवसातलं माझं तेवढंच एक नीट झालेलं काम. मग ते बराच वेळ कुंपणापलीकडच्या डोंगराकडे बघत राहिले आणि मुकादमाला म्हणाले, "पाळणा चंद्रावर बसव."

"चंद्रावर, शेठ?"

"मग? तिथं कुणाचं काय आहे?"

मुकादमानं वही उघडून तसं लिहून घेतलं.  आबा शेठाणींच्या पायाची माती काढत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून खाली येत होतं. ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"मास्तर," जाताना शेठ मला म्हणाले, "नकाशा नवा काढा. अक्षर जरा साधं."

मी घरी आलो तो विजयी वीरासारखा. कुमुदला सगळी हकिकत सांगितली. माझी दोन वाक्यं सांगताना त्यांची हळूहळू वीस झाली. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "बरं. आधी पाय धुवा."

मोरीत गेलो, तांब्या उचलला आणि थांबलो. माझ्या बोटांच्या बेचक्यांत माती होती. आबांनी शेठचे पाय झटकले, शेठाणींचे झटकले, मुकादमाचेही झटकले. मला मात्र ते विसरले होते. मी त्यांच्यातलाच, म्हणून विसरले असतील.

मी कुमुदला हाक मारली. आता ही हसणार, म्हणून मी तयारच होतो. तिनं येऊन पाहिलं, आत गेली आणि वर्तमानपत्राचा एक तुकडा घेऊन आली. मोरीच्या कडेला बसून आम्ही दोघांनी ती माती नखानं काढली. सुकून तिची भुकटी झाली होती, अर्धा चमचाही भरली नसती. कुमुदनं पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली.

"जा, देऊन या," ती म्हणाली.

ऊन उतरलं होतं. माणसं गेली होती, जपानात आणि आफ्रिकेत चिटपाखरू नव्हतं. मी प्रत्येक सीमेवर पाय धुतले. बघायला कुणी नव्हतं, तरी धुतले. आबा बांधावर बसले होते, कोट काढून शेजारी ठेवला होता.

"आबा, ही तुमची," मी म्हटलं. "माझ्या पायाला राहिली होती."

मला लाज वाटत होती. एवढा बाप्या माणूस, आणि चिमूटभर माती परत करायला मैलभर चालत आलेला. आबांनी पुडी उघडली. नाकाजवळ नेली. मग माझ्याकडे पाठ करून वाकले आणि त्या चपट्या धोंड्यापाशी ती माती बोटांनी पसरली, कागद उलटा करून टिचकी मारून शेवटचा कणसुद्धा पाडला.

"सखू," ते हळू आवाजात म्हणाले, "मास्तरांनी आनून दिली बघ. हसू नगंस त्यांला."